दोन चाकांवर : चाकं घेताना आधी उतार बघा

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर फराळाचे डबे अर्धे रिकामे झालेले असतील आणि ब्लॅक फ्रायडेच्या ईमेल सुरू झालेल्या असतील. आपल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या दिवसांत दरवर्षी एकच प्रश्न येतो. "कार्बनची चाकं सेलमध्ये आहेत. घेऊ का?" सोबत एक फोटो असतो, काळी कुळकुळीत, खोल रिमची चाकं. खाली लगेच दहा अंगठे आणि दोन ज्वाळा.

घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण हजार-दीड हजार डॉलर खर्च करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःशी द्या. तुम्ही नेहमी कोणत्या रस्त्यावर असता? सपाटीवर तुमचा खरा वेग किती? आणि उतारावर तुम्ही ब्रेक कसा धरता? तिसरा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही. बे एरियाच्या डोंगरांत राहणाऱ्यांनी मात्र चाकं निवडताना तोच पहिला धरावा असं माझं ठाम मत आहे.

आधी चढाचा हिशेब करू, कारण जाहिरातीत सगळा भर वजनावर असतो. ओल्ड ला होंडा रोड घ्या. सव्वातीन मैलांच्या आसपास अंतर, जवळजवळ १३०० फूट चढ, रेडवूडची गार सावली आणि अरुंद वळणं. आपल्यातले बरेच जण तो अर्ध्या तासात चढतात. तुमचं वजन ७५ किलो आणि सायकल, पाण्याच्या बाटल्या, कपडे मिळून १० किलो धरा. नवी चाकं ३०० ग्रॅमनी हलकी असली, तर ८५ किलोंतले ३०० ग्रॅम म्हणजे साधारण एक तृतीयांश टक्का. अर्ध्या तासात बचत किती? सहा सेकंद. "पण चाकाचं वजन फिरतं, ते दुप्पट मोजायचं," असं कुणीतरी म्हणेलच. ते दुप्पट मोजायचं ते वेग वाढवताना. एका लयीत घाट चढताना रिमवरचे ३०० ग्रॅम आणि बाटलीतले ३०० ग्रॅम सारखेच. शर्यतीत सहा सेकंदांना किंमत असते. चाळिशीनंतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सायकल धरलेल्या आपल्यासारख्यांनी त्यासाठी एवढे पैसे मोजावेत का, ते घरी विचारून ठरवा.

आता उतार. तेच ८५ किलो तेवढ्याच १३०० फुटांवरून खाली येतात तेव्हा चढताना कमावलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ती साधारण एक लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. चार-पाच कप चहाचं आधण समजा! मोकळ्या, सरळ उतारावर वेगात गेलात तर यातला मोठा वाटा वारा घेतो. पण वळणावळणाच्या रस्त्यावर घाबरत, सतत ब्रेक दाबून हळू उतरलात, तर बहुतेक सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणजे जो जास्त सावध, त्याचाच ब्रेक जास्त तापतो. नव्या सायकलस्वारांच्या हे ध्यानात येत नाही.

ही उष्णता शेवटी कुठे साठते, यावर चाकाची निवड ठरते. तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक असतील तर ती डिस्कमध्ये जाते आणि रिम गार राहते. मग रिम कार्बनची असो की अ‍ॅल्युमिनियमची, या बाबतीत काळजी नाही. पण सायकल थोडी जुनी असेल, ब्रेकची रबरं थेट रिमलाच घासत असतील, तर गोष्ट वेगळी. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं आणि हवेत सोडतं. कार्बनच्या रिममध्ये धागे चिकटवून ठेवणारं रेझिन असतं. उष्णता एका जागी साठत गेली की ते मऊ पडतं आणि आतून टायरचा दाब असतोच. रिमची कड फुगते, ट्यूब फुटते, आणि हे होतं ते नेमकं उतारावर. नामांकित कंपन्यांनी जास्त तापमान सोसणारी रेझिन वापरून यात बरीच सुधारणा केली आहे. पण इंटरनेटवर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या बिननावाच्या रिममध्ये कोणतं रेझिन आहे हे तुम्हाला कोण सांगणार?

म्हणून रिम ब्रेकवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे. पेज मिल, किंग्ज माउंटन, माउंट डायब्लो हे तुमचे रस्ते असतील तर अ‍ॅल्युमिनियमचीच चाकं घ्या. कार्बनची घेतलीच असतील तर त्यांच्यासाठी सांगितलेलीच ब्रेकची रबरं लावा, आत लेटेक्सची ट्यूब घालू नका, आणि पावसात ती घरी ठेवा. ओल्या कार्बनवर ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो, आणि आपला पावसाळा या अंकाबरोबरच सुरू होतो. चाकं कोणतीही असोत, ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावा, वेग उतरवा, सोडून द्या. मधल्या सरळ पट्ट्यात रिमला वारा लागू द्या.

सगळेच उतार सारखे नसतात, हेही खरं. माउंट हॅमिल्टनचा रस्ता बघा. लिक वेधशाळेचं सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं होतं, म्हणून तो १८७६ साली मुद्दाम मंद चढाचा बांधला. घोड्यांना झेपेल असा साडेसहा टक्क्यांच्या आसपासचा चढ, आणि त्यामुळेच न संपणारी वळणं. ४२०० फुटांवरून परत येताना तिथे एकाच जागी ब्रेक जाळावा लागत नाही, पण सुमारे १९ मैल लक्ष ढळू देता येत नाही. डायब्लोच्या माथ्याजवळची शेवटची भिंत याच्या अगदी उलट आहे. लहानशी, पण उतरताना पोटात गोळा आणणारी.

आता खोल रिमचा मोह. फोटोत ५० मिलिमीटरची रिम छान दिसते, नाकारत नाही. हवेला कापायला ती खरोखर मदत करते. पण हवेशी लढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ४५ किलोमीटरला एखाद्या चाकाने १० वॅट वाचवले, तर ताशी २५ला तेच चाक दोन वॅटही वाचवत नाही. कॅन्याडा रोड बहुतेक रविवारी काही तास मोटारींना बंद असतो. तिथे आपला गट गप्पा मारत ज्या वेगाने जातो, त्या वेगात तुमचं वाऱ्यावर फडफडणारं जॅकेट चाकापेक्षा जास्त वॅट खातं. जॅकेटची चेन ओढा, ते फुकट आहे.

वारा समोरून येतो तोवर खोल रिमचा फायदाच. बाजूने आला की खरी परीक्षा. उन्हाळ्यात दुपारी हाफ मून बेहून पेस्काडेरोकडे हायवे १ने गेलात की वायव्येचा वारा पाठीशी असतो आणि वाटतं, आज आपल्याला पंख फुटले. परतताना तोच वारा तोंडावर. पण खरी भीती असते ती कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत. आडोसा अचानक संपतो आणि बाजूने झोत येतो. खोल रिम शिडासारखी वागते. मागचं चाक फ्रेममध्ये पक्कं असतं, ते फारसं काही करू शकत नाही. पुढच्या चाकाला वारा धरतो तेव्हा हँडल वळायला बघतं, आणि शेजारून एखादी भलीमोठी आरव्ही चाललेली असते. ५०-५५ किलो वजनाच्या स्वाराला हा झोत ८५ किलोवाल्यापेक्षा जास्त हलवतो. गटातल्या काही मैत्रिणींना नवऱ्याच्या चाकांची जुळी जोडी भेट मिळते, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं. हलक्या स्वाराने पुढची रिम ३०-३५ मिलिमीटरच्या वर नेऊ नये. खोल रिमची हौसच असेल तर ती मागे भागवा. पुढे उथळ, मागे खोल, यात कमीपणा काही नाही.

वजनदार मंडळींचा प्रश्न वेगळाच, आणि त्याबद्दल आपण उगाच लाजतो. प्रत्येक चाकाला वजनाची मर्यादा असते. काही कंपन्या ती फक्त स्वाराची सांगतात, काही सायकलसकट. नीट वाचा. तुम्ही ९५ किलोंचे असाल तर १८-२० स्पोकची नाजूक चाकं तुमच्यासाठी नाहीत. आपल्या गावाकडच्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे. त्यावर दुधाचे कॅन, गॅसचं सिलिंडर, मागे बायको आणि पुढे दांडीवर पोरगं असं सगळं जायचं. इतके नकोत, पण २८ ते ३२ स्पोकची हाताने विणलेली अ‍ॅल्युमिनियमची चाकं हा फार शहाणा पर्याय आहे. एक स्पोक तुटला तरी ३२ स्पोकचं चाक तुम्हाला घरी आणतं. २० स्पोकचं चाक एक तुटताच एवढं लचकतं की ते फ्रेमला घासायला लागतं, आणि मग बायकोला फोन.

स्पोक तुटतो का, हे समजून घ्यायचं असेल तर आपल्याच परिसरातल्या एका माणसाचं नाव माहीत हवं. पालो अल्टोचे इंजिनिअर योब्स्ट ब्रांट (१९३५–२०१५). सांता क्रूझच्या डोंगरांत वर्षानुवर्षं साध्या सायकलवर, कच्च्या वाटांनीसुद्धा भटकणारा गडी. त्यांचं 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक १९८१ साली आलं. त्यातला गाभा असा की चाकातला प्रत्येक स्पोक आधीच ताणलेला असतो. तुमचा भार येतो तेव्हा तळाशी असलेल्या स्पोकचा ताण तेवढा कमी होतो. मुळातच ताण कमी असेल तर तळाशी आलेला स्पोक दर फेऱ्याला सैल पडतो, पुन्हा ताणतो, आणि हजारो फेऱ्यांनंतर थकून तुटतो. बहुतेक वेळा मागच्याच चाकात, हबजवळच्या वाकणात. म्हणून चाक किती महागाचं आहे यापेक्षा ते किती नीट आणि सारखं ताणलेलं आहे, हे जास्त महत्त्वाचं. पुण्यात कोपऱ्यावरचा सायकलवाला दहा रुपयांत 'आउट काढून' द्यायचा, तीच ही विद्या. इथे त्याचे पन्नास डॉलर लागले तरी देऊन टाका.

टायरबद्दल थोडक्यात, कारण खरं तर खर्चाची सुरुवात तिथूनच व्हावी. सायकलबरोबर आलेले जाड, टणक टायर काढून चांगले २८ मिलिमीटरचे टायर घाला. एवढ्यानेच जोडीमागे दहा-पंधरा वॅट वाचू शकतात, आणि हे कॅन्याडा रोडच्या वेगालाही मिळतात. चाकाच्या तुलनेत किंमत किरकोळ. १०० पीएसआय हवा भरायची जुनी सवय मात्र सोडा. ७५ किलोच्या स्वाराला २८च्या टायरमध्ये ७०च्या आसपास पुरते आणि स्काय‍लाइनवरच्या खडबडीत पट्ट्यात मनगटं दुवा देतात. फक्त जुन्या फ्रेममध्ये जागा मोजून घ्या. रुंद रिमवर २८चा टायर ३०पर्यंत फुगतो.

ट्यूबलेस घ्यावं का? बे ट्रेलवर जाणाऱ्यांनी जरूर विचार करा. कॅलिफोर्नियात रस्त्याकडेला जो काटा टायरमध्ये घुसतो तो आपलाच ओळखीचा सराटा. इंग्रजीत त्याचं नावच पंक्चरवाइन. ट्यूबलेसमधला चीक असली बारीक भोकं चालता चालता बुजवतो. पण नव्या रिममध्ये एक गोष्ट बारीक अक्षरांत लिहिलेली असते : हुकलेस. म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड त्या रिमला नसते. अशा रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही, आणि टायरही कंपनीच्या यादीतलाच हवा. वजनदार स्वाराला २८च्या टायरमध्ये त्याहून जास्त हवा लागू शकते. अशांनी हुक असलेली रिम किंवा ३२चा टायर घ्यावा. पंपाचा काटा चुकीचा दाखवत असेल तर तोही बदला.

पैसे भरण्याआधी एवढं जुळतंय ना बघा : ब्रेक डिस्कचा की रिमचा, अ‍ॅक्सल १२ मिलिमीटरचा आरपार की जुना क्विक रिलीज, आणि मागच्या हबवर शिमानोची कॅसेट बसते की स्रॅमची. सेलची चाकं परत घेत नाहीत, हेही पुष्कळदा बारीक अक्षरांतच असतं.

नवी चाकं दीड-दोनशे मैल चालली की एकदा दुकानात नेऊन स्पोकचा ताण तपासून घ्या. आणि जुनी चाकं विकू नका, त्यांचे फार पैसे येत नाहीत. ब्रेक घासून रिमची कड खोलगट झाली नसेल, तर त्यांना जाड टायर चढवा, मडगार्ड लावा आणि मार्चपर्यंत तीच वापरा.