नदीकाठची रानफुले

गणेशपूजेतील एकवीस पत्रींची नावे आपल्या घरांतील कित्येक मुलांस मुखोद्गत असतात. परंतु त्यांतील माका कोणता, आघाडा कोणता आणि डोरली कोणती हे बोटाने दाखवा, असे म्हटले की पाठांतराचा ओघ खुंटतो. यात मुलांकडे दोष जात नाही. पत्री बाजारातून जुडी बांधून येते, आणि ती कोठे व कशी उगवते हे पाहण्याचा प्रसंगच घरात येत नाही. तो प्रसंग वर्षातून एकदा तरी मुद्दाम आणावा, आणि त्यासाठी भाद्रपदाच्या उत्तरार्धासारखा दुसरा काळ नाही, असे आमचे मत आहे.

पुण्याच्या वाचकांस सोमेश्वरवाडीच्या देवळापासून रामनदीच्या काठाने वरच्या अंगास पाषाण तलावाकडे जाता येईल. इतरांनी आपापल्या गावचा ओढा, तळ्याची दलदल अथवा नदीचा पाणवठा पाहावा. मंडळी दहाबारांहून अधिक नसावी, कारण मागच्यांस काही ऐकू येत नाही आणि पुढच्यांच्या पायांखाली पाहण्याजोगे सगळे तुडविले जाते. निघावे मात्र उजाडताच. केन्याचे निळे फूल दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखे होते. जो उशिरा निघेल त्याच्या वाट्यास केवळ पाला येईल. हा केना म्हणजे ज्याच्या पानांची भजी करतात तोच. वर उमलणाऱ्या फुलांखेरीज त्यास मातीच्या आत, कधीही न उघडणारी फुले येतात, आणि तेथेच त्यांचे बी धरते. वरचा भाग गुरांनी खाल्ला तरी वंश राहतो तो यामुळे.

माक्याची ओळख पटविण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे द्यावे. गतवर्षी आमच्याबरोबर आलेल्या एका तरुणाने मोबाइलमधील यंत्रास विचारून लॅटिन नाव सांगितले, ते बरोबरच होते. पण सोबतच्या आजींनी देठ तोडून तळहातावर चोळला आणि हिरवा रस पाहता पाहता काळसर झालेला मुलांस दाखविला. केशतेलात पडणारा हाच तो भृंगराज, हे त्या काळ्या डागाने जसे ठसले तसे लॅटिन नावाने ठसले नसते. शेजारीच चिखलात तालिमखाना होता. जांभळट फुले आणि त्यांच्या बगलेत लांब पिवळे काटे. त्याचे बी हळिवाप्रमाणे ओले होताच बुळबुळीत होते. संस्कृतात यास कोकिलाक्ष म्हणतात, कारण बी कोकिळेच्या डोळ्यासारखे दिसते.

तेरड्याची पिकलेली बोंडे मुलांस हात लावू द्यावीत. स्पर्श होताच ती फुटून बी दूर उडते, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्यांस पुढील वर्षाची तजवीजही दिसते.

कळलावीपाशी मात्र हात आवरावा. कुंपणावर चढलेली ती वेल, खाली पिवळ्या व टोकाकडे तांबड्या होत जाणाऱ्या पाकळ्या ज्वाळेसारख्या वर उचललेल्या, म्हणून तिचे नाव अग्निशिखा. आणि कंद नांगराच्या आकाराचा म्हणून लांगली. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून मराठी नाव पडले. हा कंद अत्यंत विषारी आहे. जुन्या बाडांत काही प्रयोग लिहिलेले सापडतात, ते घरी कोणीही करून पाहू नयेत; त्यापायी प्राण गेल्याची उदाहरणे आहेत.

तळ्यावर जांभळ्या फुलांचा गालिचा पाहून मुले ‘कमळे, कमळे’ म्हणून ओरडतील. ती जलपर्णी होय. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती शोभेसाठी आणली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बंगालमार्गे देशभर पसरली. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तिचे अन्न. ती यंत्राने उपसून काढतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा भरते. गटाराचे पाणी आत येत आहे तोवर दुसरे काय होणार? खऱ्या कमळाची पाने पाण्याच्या वर उभी राहतात व त्यांवर थेंब टिकत नाही; कुमुदाची पाने पाण्यावर पसरलेली असून देठापाशी चिरलेली असतात. पांढरे कुमुद रात्री उमलते, म्हणून ते कवींनी चंद्रास दिले.

पत्री तोडावी की नाही, असा प्रश्न एका भगिनींनी विचारला होता. दूर्वा, आघाडा, माका हे मुबलक वाढणारे. त्यांची मूठभर शेंडेखुडी केल्याने काही बिघडत नाही. मुळासकट उपटणे आणि चार घरांपुरते म्हणून पोतेभर नेणे यास आमची संमती नाही.

कोकणस्थांच्या घरी गौर म्हणून पाणवठ्यावरचे पाच किंवा सात खडे मौन धरून आणतात. ते खडे आणावयास पाणवठाच राहिला नाही, तर कुंडीतील खडे उचलावे लागतील. काही घरी ते आताच होत आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभनाचे काम २०२२ साली हाती घेतले गेले. फिरावयास वाट हवी, हे आम्हा वृद्धांस कोण सांगणार! तथापि फरसबंदीच्या सांध्यात माका उगवत नाही, आणि लव्हाळ्याने व वाळुंजाच्या मुळांनी धरून ठेवलेली माती एकदा गेली की बागेतील हिरवळ तिची जागा घेऊ शकत नाही. आपल्या गावी असे काम निघाल्यास आराखडा पाहावयास मागावा व काठाची कच्ची माती किती राखली आहे, एवढे विचारावे.

सहलीत प्रत्येकाने एक वही जवळ ठेवावी. तिथी, स्थळ, फुलाचा रंग, आणि आजीने सांगितलेले नाव जसेच्या तसे. आश्विनात पाणी उतरले की त्याच वाटेने पुन्हा जावे. तोवर कास पांढरा झालेला असेल आणि तेरडा संपलेला असेल.