मोबाइल बाळाला उत्तर देत नाही

संध्याकाळी रांजणगाव एमआयडीसीची बस वस्तीच्या तोंडाशी थांबते. आई उतरते. घरी पाणी भरायचं असतं, भाकरी टाकायच्या असतात, मोठीचा अभ्यास राहिलेला असतो. अडीच वर्षांचं पोर दिवसभर आईची वाट बघून तिच्या पायाला लोंबकळतं. ती त्याच्या हातात मोबाइल देते आणि पोर गप्प होतं. शिरूर तालुक्यातलं हे चित्र दौंडला, कुरकुंभच्या कामगारांच्या खोल्यांतही वेगळं नाही.

ही आई चुकली, असं मी म्हणणार नाही. नर्सची ड्यूटी करताना मीही माझ्या लेकाला शेजारणीच्या घरी टीव्हीसमोर बसवून गेले आहे. दुसरा इलाज नव्हता. म्हणून या पानावर मला मोबाइलला शिव्या द्यायच्या नाहीत. लेकराच्या वाट्याचं काय जातंय, ते सांगायचं आहे.

वस्तीत फिरताना एक वाक्य नेहमी कानावर येतं : ‘‘ताई, आमचा पोरगा लई हुशार. मोबाइलवर सगळी एबीसीडी म्हणतो.’’ सांगताना आईबापांचा चेहरा फुललेला असतो. आपल्या घरात शिक्षणाची ओढ आहे, त्यामुळे तो आनंद मला कळतो. पण त्याच पोराला मी नावाने हाक मारते, तर ते मान वर करत नाही. तहान लागली की आईचा हात धरून माठाकडे ओढतं, ‘पाणी’ म्हणत नाही. दुसऱ्या मुलाने खेळणं घेतलं की बोचकारतं, मागत नाही. पाठ झालेलं म्हणणं वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं.

बाळ बोलायला शिकतं कसं, ते बघा. ते ‘आ’ करतं, आई ‘काय गं सोने?’ म्हणते. ते हसतं, आजी हसते. ते बोट दाखवतं, बाबा म्हणतात, ‘कावळा! उडाला बघ.’ दिवसभरात अशी देवघेव शेकडो वेळा होते. त्यातूनच त्याला कळतं की आपण काही केलं तर समोरचा उत्तर देतो, आता आपली पाळी, आता त्याची. रागावलेला चेहरा कोणता, रडणारा कोणता, हेही तिथेच उमगतं. पुढे दोस्ती करणं, थांबणं, वाटून घेणं, वर्गात हात वर करून विचारणं याच पायावर उभं राहतं. कार्टून बोलतं, गातं, नाचतं. पण बाळाने काही म्हटलं तर थांबून ऐकत नाही.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कुल या शास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही बायका चिनी भाषेत बोलल्या, खेळल्या. त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक आवाज ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं. त्यांना काहीच आलं नाही. तेव्हा मोबाइल लावून दिला की तान्हं बाळ इंग्रजी शिकेल, हा समज सोडून द्या.

जपानमध्ये सात हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयात जी मुलं जास्त वेळ स्क्रीनसमोर होती, त्यांच्यात दोन वर्षांची झाल्यावर बोलणं आणि लोकांत मिसळणं मागे पडल्याचं जास्त आढळलं. अशा अभ्यासातून मोबाइल हेच एकमेव कारण ठरत नाही. आईचा थकवा, घरातली ओढाताण हेही त्यात असतं. म्हणूनच नुसता मोबाइल हिसकावून भागणार नाही.

प्रमाण किती, ते ठरलेलं आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. परगावच्या बाबांशी, आजीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, कारण तिथे समोर माणूस असतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जवळपास हेच सांगितलं आहे.

घरात काय करता येईल? भाकरी करताना पोराला पिठाचा गोळा द्या. हात कामात असू देत, तोंडाने बोलत राहा : ‘मोठी भाकरी कुणाची? बाबांची. बारकी कुणाची?’ त्याने उत्तर द्यावं म्हणून जरा थांबा. घास भरवताना मोबाइल नको. कोणी बघत नसेल तर टीव्ही बंद ठेवा. आणि बाबांनो, कामावरून आल्यावर रील्स बघत पडू नका. पंधरा मिनिटं पोराला मांडीवर घ्या. ते काम एकट्या आईचं नाही. मोबाइल बंद केल्यावर पोर सुरुवातीचे काही दिवस रडेल, आदळआपट करेल. घरातल्या सगळ्यांनी एकच धरून ठेवलं तर निभतं.

एकट्या घराला जड जातं ते वस्तीला जमतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवलं : रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. तिथे हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता. आपल्या वस्तीत बारक्यांसाठी रोज अर्धा तास ठरवता येणार नाही का? विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाका, डबे, झाकणं, चेंडू ठेवा. आज्या गोष्टी सांगतील.

पण आई दिवसभर कामावर असते, तेव्हाचं काय? हा प्रश्न घरातल्या घरात सुटणारा नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवता येतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामकरी बाईच्या बाळाची काळजी ही तिची एकटीची बाब नाही, हा विचार आपल्याला नवा नाही. मग ग्रामसभेत आणि कंपनीच्या गेटवर आपण पाळणाघर का मागत नाही?

शेवटी एक सूचना. वर्षाचं बाळ नावाला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल. दीड वर्षात एकही शब्द नसेल. दोन वर्षांत ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल. किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर ‘मोबाइलमुळे असेल, होईल नीट’ म्हणून थांबू नका. ऐकू कमी येत असेल, स्वमग्नता असेल, आणखी काही असेल. अंगणवाडी ताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्याची वाट न बघता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं. तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात आणि उपचार मोफत होतात. जितकं लवकर दाखवाल, तितका लेकराला फायदा.

आज रात्री भाकऱ्या टाकताना मोबाइल फळीवर ठेवा. पोर काहीतरी बोलेल. त्याला उत्तर द्या.