विश्लेषण : रस्त्यावर न धावणाऱ्या कारसाठी कोट्यवधी का मोजले जातात? लॅम्बोर्गिनी ‘एसेन्झा’ की पगानी ‘हुआयरा आर’?

इटलीतील मोडेना-बोलोन्या पट्ट्यात तयार झालेल्या या दोन मोटारींना नंबरप्लेट मिळत नाही. त्या केवळ रेसिंग ट्रॅकवर चालवता येतात. तरीही जगभरातील संग्राहकांना त्यांचे आकर्षण आहे. त्यांच्यात नेमका फरक काय?

या कार कोणत्या?

लॅम्बोर्गिनीने जुलै २०२० मध्ये ‘एसेन्झा एससीव्ही१२’ सादर केली. तिची निर्मिती ४० मोटारींपुरती मर्यादित ठेवण्यात आली. मार्च २०२१ मध्ये पगानीची ‘हुआयरा आर’ आली. तिची संख्या ३० आणि किंमत करांशिवाय २६ लाख युरो. पगानीचे संस्थापक होरासिओ पगानी यांनी ऐंशीच्या दशकात लॅम्बोर्गिनीतच काम केले होते.

इंजिनात सरस कोण?

दोन्हींत टर्बो आणि विजेची मोटर नसलेले व्ही१२ इंजिन आहे. एसेन्झाचे इंजिन ६.५ लिटरचे असून ८३० हून अधिक अश्वशक्ती देते. ते कंपनीच्या जुन्या व्ही१२ परंपरेतले आहे. हुआयरा आरसाठी जर्मनीच्या एचडब्ल्यूए कंपनीने ६ लिटरचे इंजिन नव्याने घडवले. ते ८५० अश्वशक्ती देते आणि मिनिटाला ९ हजार फेऱ्यांपर्यंत जाते. इंधनाशिवाय या कारचे वजन अवघे १,०५० किलो आहे. एसेन्झाची मदार हवेच्या दाबावर आहे. ताशी २५० किमी वेगाला हवा तिला सुमारे १,२०० किलो भाराने जमिनीकडे दाबते.

मालकाला काय मिळते?

एसेन्झाच्या मालकाला ट्रॅकवरील प्रशिक्षण आणि कार्यक्रमांत सहभाग मिळतो. सांत आगाता बोलोन्येझे येथे प्रत्येक कारसाठी स्वतंत्र जागा असून मालक कॅमेऱ्यातून कार पाहू शकतो. पगानीही ग्राहकांसाठी ‘आर्टे इन पिस्टा’ हा ट्रॅक उपक्रम चालवते. थोडक्यात, कारसोबत तंत्रज्ञ, सुटे भाग आणि ट्रॅकचे दिवसही विकले जातात. कंपनीचा हा आधार नसेल, तर अशी कार सांभाळणे मालकाला जड जाते.

गुंतवणूक म्हणून जोखीम कोणती?

दुर्मीळपणा कंपनीच्या पुढच्या निर्णयावर अवलंबून असतो. पगानीने २०२४ मध्ये ९०० अश्वशक्तीची ‘हुआयरा आर इव्हो’ आणली. त्यामुळे आधीच्या ३० मोटारींची संख्या बदलली नाही, पण त्यांच्याहून ताकदवान आवृत्ती आली. लॅम्बोर्गिनीने २०२३ मध्ये ‘रेव्हुएल्टो’द्वारे व्ही१२ला विजेची जोड दिली. त्यामुळे विजेविना व्ही१२ असलेल्या एसेन्झाचे ऐतिहासिक मोल वाढते.

मग निवड कशी?

हलकी बांधणी, नवे इंजिन आणि कमी संख्या हवी असेल, तर पगानी. मोठ्या कंपनीचे पाठबळ आणि एका युगाची अखेर जपायची असेल, तर लॅम्बोर्गिनी. मात्र, वर्षातून किती दिवस ट्रॅकवर जाता येईल, याचे प्रामाणिक उत्तर आधी द्यावे लागेल. ते ‘एकही नाही’ असे असेल, तर दोन्ही कार महागडी शिल्पेच ठरतील.