राजगृह आणि आपले घर



गेल्या महिन्यात शहापूर तालुक्यात भाच्याच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला गेलो होतो. समृद्धी महामार्गात जमीन गेली, त्या मोबदल्यातून बांधलेले घर. बुद्धवंदना झाली, जेवणे झाली. स्लॅब, गुळगुळीत फरशी, हॉलमध्ये भलामोठा टीव्ही, वर बाबासाहेबांचा फोटो. मी सहज विचारले, "पोरगी दहावीला ना? तिची पुस्तके कुठे आहेत?"

सूनबाईने स्वयंपाकघराकडे बोट केले. पुस्तके पिशवीत आणि पिशवी भाताच्या कणगीवर. म्हणाली, "मामा, टीव्ही बंद झाला की बसते ती इथंच." भाचा खाली बघत राहिला.

एस.टी.तून मुरबाडला परतताना मला राजगृह आठवले.

बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत बावीस वर्षे काढली. बी.आय.टी. म्हणजे मुंबईच्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला प्लॉट पाडून सुखवस्तू लोकांच्या वसाहती आखल्या. चाळीतली दोन खोल्यांची जागा सोडून बाबासाहेब हिंदू कॉलनीत स्वतःच्या घरी गेले ते १९३४ च्या सुमारास. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याचा माणूस मुंबईच्या उत्तम वस्तीत घरमालक झाला. नाव दिले मगधाच्या जुन्या राजधानीचे, राजगृह.

पण वाचकहो, हे घर मिरवण्यासाठी नव्हते. खाली कुटुंब आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय, अशी त्याची मांडणी होती. त्यांच्या संग्रहात पन्नास हजारांवर ग्रंथ होते, असे सांगतात. मी कारकून माणूस, जमाखर्च आधी बघतो. जवळच 'चार मिनार' नावाची दुसरी इमारत त्यांनी भाड्यासाठी बांधली होती. म्हणजे जमेची बाजू. ती १९४१ साली विकली. कर्ज आणि ग्रंथखरेदी ही त्यामागची कारणे सांगितली जातात. विटा विकून पुस्तके घेणारा घरमालक मी तरी दुसरा ऐकला नाही.

माता रमाईला मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी देह ठेवला. चाळीतले सारे हाल त्यांनी सोसले होते. हा खर्च कोणत्या वहीत मांडणार? डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून याच घरी आणले आणि ७ डिसेंबरला येथूनच अंत्ययात्रा निघाली. ७ जुलै २०२० रोजी येथे तोडफोड झाली, तेव्हा कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि समाजाने ते पाळले.

६ डिसेंबरला आपण आसनगावहून, कल्याणहून लोकलने दादरला जातो, चैत्यभूमीला वंदन करतो आणि परततो. चैत्यभूमी पश्चिमेला आहे. राजगृह पूर्वेला, स्टेशनपासून पायी जाण्याजोगे. पुढच्या वेळी पूल ओलांडा. मुलांना बरोबर न्या आणि सांगा, या घरात सर्वांत मोठी जागा पुस्तकांची होती.

माझे तरी काय? माझी पुस्तके खाटेखाली पत्र्याच्या पेटीत होती. भाच्याला बोलण्याआधी मीच सुताराला बोलावले आणि भिंतीला दोन फळ्या ठोकून घेतल्या. मग भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, जिन्याखाली जागा आहे. टेबल बसेल."

परीक्षा मार्चमध्ये आहे. त्याआधी मी टेबल बघायला जाणार आहे. तुमच्या घरात ती जागा कुठे आहे, आज रात्रीच बघा.