गंज

आमच्या गोंदियाकडे 'गंज' म्हटले, की घरातली बाई स्वयंपाकघरातून पातेले घेऊन येते. पुण्यामुंबईचा गंज लोखंडावर चढतो, आमचा चुलीवर चढतो. वर्गात हा विनोद मी गेली अठरा वर्षे करीत आलो आहे आणि मुले सौजन्याने हसत आली आहेत. यंदाच्या पावसाळ्यात मात्र हे दोन्ही गंज एकाच ठिकाणी भेटले, आणि हसू माझ्यावर उलटले.

आमची इमारत तीन मजली. तळमजल्यावर नुसते खांब आणि मोटारी. पहिल्या मजल्यावर एक वृद्ध काकू राहतात. त्यांच्या न्हाणीघराचे पाणी झिरपून खालच्या स्लॅबमधून थेंब थेंब गळे. टपावर डाग पडू नयेत म्हणून मी माझ्या गाडीवर घरातला एक जुना गंज ठेवून देई. प्रश्न मिटला असे मी समजत होतो!

चार वर्षांपूर्वी मी सोसायटीचा चिटणीस होतो. स्लॅबच्या पोटावर तांबूस ओघळ दिसू लागले होते. काकू म्हणाल्या, "सर, आधी पाण्याचा बंदोबस्त करा." मी म्हणालो, "दिवाळी झाल्यावर बघू." दिवाळीच्या तोंडावर गिलावा मारून पांढरा रंग दिला. सर्वांनी वाहवा केली. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, ही म्हण शिकवणारा मीच!

यंदा ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्या जागचा परातीएवढा पापुद्रा खाली कोसळला. पाऊस असला की मुले तिथेच क्रिकेट खेळतात. पाच मिनिटांपूर्वीच कुणाच्या तरी आईने भजी खायला वर बोलावले होते. बॅट तेवढी खाली राहिली होती. ती ढिगाऱ्यातून मी काढली तेव्हा माझे हात कापत होते.

मिस्त्री आला. त्याने हातोडीने स्लॅब ठोकून पाहिला. बऱ्याच ठिकाणी बद्द आवाज आला. तो म्हणाला, "सर, आतलं लोखंड फुगून राह्यलं. रंगानं काय होते?"

लोखंड फुगते, हे मला नवीन होते. आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलगडा केला. सिमेंट मुळात अल्कधर्मी. त्याच्या कुशीत सळई सुखरूप असते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ते कवच निकामी करतो. मग ओल पोचली, की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून, कधी सहापटीपर्यंत जागा लागते. ती तो काँक्रीट फोडून घेतो. त्यांनी तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. निरोगी काँक्रीट गुलाबी होते. आमचे सळईपर्यंत कोरडे फटक राहिले. नियमाप्रमाणे स्लॅबच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट हवे. आमच्याकडे काही ठिकाणी नखाएवढेही नव्हते.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, "गंजायला आपल्याकडे समुद्र कुठे आहे?" समुद्राचे मीठ हे काम झपाट्याने करते, हे खरे. पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, तो आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. थंड देशांत रस्त्यावरचे बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मोटारींच्या चाकांबरोबर वाहनतळात येते. कॅनडातल्या एलियट लेक गावी एका बाजारसंकुलाच्या छपरावरच मोटारी उभ्या राहात. ते छप्पर १९८० पासून गळत होते आणि खाली लोक बादल्या ठेवीत होते. २३ जून २०१२ रोजी गंजलेला पोलादी जोड तुटला. दोन स्त्रिया दगावल्या. चौकशीचा निष्कर्ष असा, की हरले ते लोखंडापेक्षा माणसे. समुद्र तिथेही नव्हता. बादल्यांचे वाचताना मला गाडीवरचा गंज आठवला.

त्या सभेत मी उभा राहिलो आणि चार वर्षांपूर्वीचा गिलावा ही माझी चूक होती, असे सांगितले. वर्गणीवरून चाललेली कुरकुर थोडी थांबली. पहिला हप्ता काकूंनी आणून दिला, तोही त्यांच्या पेन्शनमधून. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

आता काम रीतसर चालू आहे. आधी न्हाणीघराची गळती बंद केली. मग टेकू लावून सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडले, गंज घासून काढला, झिजलेल्या सळईला नवी जोड दिली. त्यावर गंजरोधक लेप, मग दुरुस्तीचा मसाला, आणि मग रोज पाणी मारणे. रंग सगळ्यांत शेवटी, तोही हवा आत शिरू न देणारा.

त्यामुळे यंदाच्या दिवाळीत आमचे छत उघडेबोडके आहे. येणारा पाहुणा वर बघून विचारतो, "रंग नाही दिला?" मी म्हणतो, "नाही, यंदा दुरुस्ती केली." मुले सध्या गच्चीवर खेळतात. आणि तो जुना गंज बायकोने राखेने लख्ख घासून स्वयंपाकघरात परत नेला आहे. त्यात चिवडा आहे. वाचकहो, गोंदियाला आलात तर जरूर या.