नमनाला पळीभर तेल

आमच्या महाविद्यालयात लेखक दोन प्रकारचे आहेत. एक लिहिणारे, आणि दुसरे मूड लागायची वाट पाहणारे. दुसऱ्या वर्गाची पटसंख्या मोठी. वार्षिकांकाला साहित्य देण्याची शेवटची तारीख सूचनाफलकावर लागली, की कँटीनमध्ये तेच वाक्य ऐकू येते : "विषय आहे रे डोक्यात, पण मूड लागत नाही." बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी व्यथा असते आणि थोडा अभिमानही. मूड लागत नाही म्हणजे आपण अस्सल कलावंत, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा.

मला या मूड नावाच्या पाहुण्याविषयी फारसा आदर नाही. तो येतो तेव्हा बरोबर फार थोडे आणतो, आणि ज्यांच्या घरी बसायला जागा नाही तिथे तो सहसा फिरकत नाही. म्हणून मला असे वाटते, की ज्याला लिहायचे आहे त्याने स्वतःपुरता एखादा छोटासा विधी लावून घ्यावा. रोज तोच, ठरलेला, बिनखर्चाचा. विधी हा शब्द ऐकून आमच्या पुरोगामी मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. मी सोवळ्याओवळ्याविषयी बोलत नाही, सुरुवातीविषयी बोलते आहे.

आपल्याकडे सुरुवात कधीच बोडकी नव्हती. कुठल्याही कामाचा आरंभ म्हणजे 'श्रीगणेशा', हे आपल्या भाषेनेच ठरवून टाकले आहे. तमाशात गण झाल्याशिवाय गवळण उभी राहत नाही. कीर्तनकार एकदम आख्यानाला हात घालत नाही, आधी नमन होते. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा सारख्या ठेवाव्यात, समास किती सोडावा, बोरू, शाई, कागद कसे सिद्ध करावेत, असला सगळा हातांचा विचार त्यात आहे. आम्ही अभ्यासक्रमात प्रतिभेवर पाने भरतो, पण बोरू तासण्याबद्दल आमच्याशी कुणी बोलत नाही.

पण या सगळ्यांहून मला जवळचे उदाहरण वाटते ते जात्याचे. पहाटे अंधारात उठून जात्यापुढे बसणाऱ्या बायकांना कुणी कवयित्री म्हटले नाही, आणि त्यांनीही स्वतःला म्हणवून घेतले नाही. कागद नाही, अक्षरओळख नाही, निवांतपणा तर नाहीच. तरीही हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. हे कसे घडले असेल? माझी समजूत अशी, की त्यातले निम्मे श्रेय सुरुवातीच्या रीतीला आहे. खुंट्याला हात लागला, वैरणीची मूठ घातली, की पहिली ओवी देवाची. मग कुणी आईबापाची म्हणेल, कुणी भावाची. या पहिल्या ओव्या कुणाला नव्याने सुचाव्या लागत नसत. त्या आईकडून, आजीकडून आलेल्या असत आणि तोंडपाठ असत. आवाज मोकळा होई, हाताला लय सापडे, आणि मग पाचव्या-सहाव्या ओवीला सासरचे एखादे दुखणे, पाठवणी न झालेला सण, असे तिचे स्वतःचे काहीतरी त्याच चालीवर बाहेर पडे. म्हणजे उंबरठा तयार शब्दांनी ओलांडायचा, आणि आत गेल्यावर आपले बोलायचे. बहिणाबाई चौधरींची गाणीही शेतात आणि घरात काम करता करताच आली. त्या निरक्षर होत्या. मूड या शब्दाशिवाय त्यांचे काही अडले नाही.

गंमत अशी, की सातासमुद्रापलीकडे टपालखात्यात नोकरी करणाऱ्या एका इंग्रज कादंबरीकाराची रीत जवळजवळ हीच होती. अँथनी ट्रोलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत असे. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने आपल्या जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा लावले होते. पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे लिखाण नुसते वाची. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र छापून आले, त्यात हे सगळे त्याने उघड सांगून टाकले होते. पुष्कळ लोक नाराज झाले. कलावंत घड्याळ लावून लिहितो हे त्यांना सहन होईना. मला मात्र त्याच्या घड्याळापेक्षा तो पहिला अर्धा तास मोलाचा वाटतो. कालचे आपलेच शब्द वाचणे, हीच त्याची पहिली ओवी.

आता दुसरी बाजू. विधी डोक्यावर बसला, की नमनालाच घडाभर तेल जाते. जर्मन कवी शिलर टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदे ठेवी, त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नसे, अशी आठवण गटेने सांगून ठेवली आहे. शिलरचे एक सोडा, तो शिलर होता. आमच्यापैकी कुणी हा प्रयोग करायचा तर सफरचंदांचा भाव पाहूनच लेखन थांबेल. आमच्या नात्यातल्या एका दादाने लेखक व्हायचे ठरवले, तेव्हा आधी टेबल घेतले, मग दिवा, मग शाईचे पेन, मग जाड कागदाची वही. या वस्तू घरात येऊन तीन वर्षे झाली. टेबलावर सध्या वहिनी इस्त्री करतात. मांडव झकास घातला, पण लग्न काही लागले नाही. ज्या विधीला पैसे पडतात, दुसऱ्याची परवानगी लागते, किंवा जो एकाच खोलीत, एकाच खिडकीशी होऊ शकतो, तो विधी नव्हे, सबब आहे.

यावर आमचे एक प्राध्यापक मला म्हणाले, "पण एकान्त तर हवाच ना? गीतारहस्य आणि श्यामची आई तुरुंगात लिहिली गेली, ती उगीच नाही." मुद्दा बिनतोड वाटतो. तरी जरा जवळून पाहावे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले ते पेन्सिलीने, आणि सुटे कागद मिळत नसल्यामुळे पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत. हा एकान्त त्यांनी मागून घेतला नव्हता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली, ती अवघ्या काही दिवसांत. त्या पुस्तकातली प्रकरणे म्हणजे एकेक रात्र, आणि श्याम गोष्ट सांगतो ती प्रार्थनेनंतर. तिथेही आधी नमन आहेच. एकान्त मिळाला तर उत्तमच. पण तो मिळाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले, तर आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी आजच पेन खाली ठेवावे.

आणि खरे दुखणे इथेच आहे. पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली कविता लिहीत होत्या. आज तिसऱ्या वर्षाला त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच लिहितात. बाकीच्यांची प्रतिभा आटली असे मी मानत नाही. दोन खोल्यांचे घर, धाकटी भावंडे, संध्याकाळचा स्वयंपाक, बाहेरच्या खोलीत मोठ्याने लागलेली मालिका. "आपल्याला कुठे निवांतपणा मिळतो," असे त्या म्हणतात आणि त्याचा अर्थ "आपण लेखक नव्हे" असा लावून मोकळ्या होतात. जागेच्या अडचणीला त्यांनी स्वतःवरचा निकाल समजावे, याचा मला राग येतो.

माझे स्वतःचे सांगायचे तर, रात्री जेवणे आटोपली, ओटा पुसला, की स्वयंपाकघरात मी चटई टाकते. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवते. (सकाळी आईला तो तिथे सापडला, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली.) मग कालच्या मजकुराच्या शेवटच्या तीन ओळी नव्या पानावर जशाच्या तशा उतरवते. नुसत्या वाचत नाही, हाताने उतरवते. तेवढ्यात कालचा शब्द खटकतो, तो बदलते, आणि बदलता बदलता चौथी ओळ सुरू झालेली असते. कधी ती चार ओळींवरच थांबते. तरी दुसऱ्या दिवशी उतरवायला तीन ओळी हाताशी असतातच. वर्गातला एक मित्र रात्रपाळीला पेट्रोलपंपावर असतो. तो तारीख, वार आणि 'आज हवा अशी' एवढे लिहून सुरुवात करतो. हवेबद्दलच्या त्याच्या या वाक्यांतून एक कथा निघाली, ती याच अंकात आहे.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. लेखन-कार्यशाळेत आपण आम्हांला कथेची घटकतत्त्वे सांगता, वृत्ते शिकवता, ते हवेच. पण एकदा आपण स्वतः कसे बसता तेही सांगावे. कुठे, किती वाजता, आधी काय करता, पहिली ओळ कशाने सुरू होते. आम्हांला आपली प्रतिभा उसनी मिळणार नाही, आपली चटई कदाचित मिळेल. आणि महाविद्यालयाने वाचनालयाची मागची खोली संध्याकाळी तासभर उघडी ठेवली, तर काहीजणींचा प्रश्न त्या तासापुरता तरी सुटेल.

हा लेख वाचून मैत्रिणीने विचारले, की पहिल्याच दिवशी कालच्या तीन ओळी आणायच्या कुठून? कुठूनही. आजीची एखादी ओवी चालेल, एसटीच्या फलकावरची गावांची नावे चालतील. माझ्याजवळ त्या दिवशी आईने लिहून दिलेली वाण्याची यादी होती. गूळ अर्धा किलो, शेंगदाणे, साबुदाणा, उदबत्तीचा पुडा. मी ती वहीत उतरवत गेले, आणि उदबत्तीच्या पुड्याखाली जे वाक्य लिहिले गेले ते यादीत नव्हते.