वैनगंगेच्या गाळातील साक्ष

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के पूर्व विदर्भापर्यंत जाणवले. दोन दिवस चर्चा झाली. मग ‘आपला भाग सुरक्षित आहे’ या वाक्यावर सारे निश्चिंत झाले. भंडारा जिल्ह्यात हे वाक्य आपण कशाच्या आधारावर उच्चारतो?

किल्लारीकरांनाही हेच सांगितले गेले होते. ऑक्टोबर १९९२ पासून तेथील जमीन अधूनमधून हादरत होती, पण भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाहून परतलेली गावे झोपेतच गाडली गेली. स्वयंसेवक ढिगाऱ्यांवर धावून गेले, पुनर्वसनातही समाज उभा राहिला. परंतु धावून जाणे वेगळे आणि आधी जाणणे वेगळे.

२००२ साली नकाशा सुधारला, पहिला विभागच रद्द झाला. नागपूरसह आपला पट्टा आता दुसऱ्या, म्हणजे पुन्हा सर्वात खालच्या विभागात मोडला. अशा नकाशांचा मोठा आधार नोंदलेल्या भूकंपांचा; आणि आपल्याकडील लेखी नोंदी जेमतेम दोन-अडीचशे वर्षांच्या. भूगर्भातील भेग, म्हणजे भ्रंश, वेगळ्याच कालगणनेने चालतो.

त्याचा वेग मोजण्याची रीत कला शाखेच्या पदवीधरालाही उमगेल इतकी सरळ आहे. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशावरून वाहणारा एक ओढा सुमारे १३० मीटर बाजूला सरकलेला आढळला. त्याच्या गाळाचे वय निघाले सुमारे ३,७०० वर्षे. भागाकार केला की वर्षाला साधारण ३५ मिलिमीटर. हिमालयात उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेले आकुंचन वर्षाला २० मिलिमीटरच्या जवळपास भरते. दख्खनच्या जुन्या खडकात मात्र हा वेग इतका अल्प असतो की उपकरणांनाही तो वर्षानुवर्षे चकवतो. समजा, एखादा भ्रंश वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग सरकत असेल, तर एक मीटर ताण साठायला दहा हजार वर्षे लागतील. अशा ठिकाणी आजोबांच्या आठवणीत भूकंप नाही, याला पुरावा म्हणता येत नाही.

म्हणूनच किल्लारीनंतर भूवैज्ञानिकांनी चर खणले, तेर येथील प्राचीन थरही तपासले. तो भ्रंश १९९३ पूर्वीही हलला होता, अशा खुणा मिळाल्या. सातवाहनकालीन तेरची माती भूकंपाची साक्षीदार ठरू शकते, तर पवनीची का नाही? १९६९-७० च्या उत्खननाने तेथील स्तूप आणि प्राचीन वस्तीचे थर उजेडात आणले. आपल्या उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यातील भ्रंश २२ मे १९९७ रोजी जबलपूरला हलला. तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतले दुमडलेले खडक तर प्राचीन भूखंडांच्या टकरीचीच निशाणी. ती टक्कर कधीच शमली, हे खरे; पण जुनी भेग नव्या ताणाखाली पुन्हा जागी होते, हा किल्लारीनंतर विसरण्याजोगा मुद्दा नव्हे.

(गोसीखुर्दविषयी भीती पसरवणाऱ्यांसाठी एक नोंद : कोयनेचे धरण शंभर मीटरहून उंच, जलाशय खोल. गोसीखुर्द बुटके आणि पसरट. दोहोंची तुलना घाईची आहे.)

वैनगंगेच्या काठचा गाळ हीच आपली दैनंदिनी. वाळूच्या कणाला अखेरचा सूर्यप्रकाश केव्हा लाभला, हे प्रयोगशाळेत मोजता येते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने या शास्त्रात नाव कमावले आहे. विद्या परदेशातून आणावी लागत नाही. मात्र ज्या थरांत हजारो वर्षांची नोंद आहे, ते थर बेकायदा उपशाच्या ट्रकांतून रात्रीतून निघून जात आहेत. वाळूचोरीला आपण महसुलाची चोरी मानतो. एकदा उपसलेला थर पुन्हा लावता येत नाही, आणि त्यातले वय कोणत्याही दंडात वसूल होत नाही.

पवनीपासून तुमसरपर्यंत नदीकाठच्या न हललेल्या दरडी अजून कोठे शिल्लक आहेत, याची यादी गावोगावचे शिक्षक आणि कार्यकर्ते एका उन्हाळ्यात करू शकतील. ती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी पोहोचवावी, आणि तेवढ्या जागांवर तरी उपसा थांबवण्याची मागणी लेखी नोंदवावी.